पहाटेची वहिवाट

धावणे ही क्रिया आमच्या रत्नागिरीत निषिद्ध नाही. फक्त तिला सबब लागते. सुटू पाहणाऱ्या एस.टी.मागे धावणाऱ्या इसमाकडे येथे कोणी वळूनही पाहत नाही. उलट कंडक्टरला हाका मारून गाडी थांबविण्याचे परोपकारी कार्य दोन-चार अपरिचित माणसे आपण होऊन अंगावर घेतात. परड्यात शिरलेल्या गुरामागे, कलमावर चढलेल्या माकडामागे, अंगणात वाळत घातलेल्या आंब्याच्या साठांवर वळवाची सर येऊ लागली म्हणजे अंगणाकडे, आणि डबा विसरून रिक्षात बसलेल्या पोरामागे धावणे, ही सारी विहित कर्तव्येच होत. परंतु जिच्यापुढे एस.टी. नाही, जिच्यामागे कुत्रे नाही, जिच्या हातात डबा नाही आणि जिच्या माथ्यावरच्या आभाळात ढगाचा ठिपकाही नाही, अशी चाळिशीकडे झुकलेली, दोन मुलांची आई असलेली आणि सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून रुजू असलेली स्त्री पहाटेच्या प्रहरी मारुती मंदिराच्या चौकातून नुसतीच धावत जाताना दिसली, की या सुसंस्कृत शहराची मनःशांती ढळते आणि तिच्यावर ठिकठिकाणी तोंडी कारणे दाखवा नोटिसा बजावल्या जाऊ लागतात.

ती स्त्री मीच असल्यामुळे या नोटिसांचे दप्तर माझ्यापाशी बरेच जमले आहे. पहिली नोटीस रिकामी पाटी घेऊन मिरकरवाड्याच्या बंदराकडे निघालेल्या एका मासळीवाल्या मावशींची.

"काय गो बाय, गाडी चुकली काय?"

"नाही मावशी, सहजच धावते आहे."

"सहजच?" मावशी थांबल्या, पाटी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली आणि आवाज खाली आणून विचारले, "घरात बरं हाय ना?"

दुसरी नोटीस थिबा पॉइंटवर उगवतीच्या वेळी भरणाऱ्या निवृत्त गृहस्थांच्या मंडळाची. भाट्याच्या खाडीचे ते अप्रतिम दृश्य समोर पसरलेले असताना त्याकडे पाठ करून सेवानिवृत्तिवेतनाच्या फरकाची चर्चा करणारे हे मंडळ मी दृष्टिपथात आले की तात्काळ गुडघा या विषयावर येते. मनुष्यदेहातील अन्य अवयवांबाबत ही मंडळी वैद्यांचे मत मानतात; गुडघ्याच्या बाबतीत मात्र रत्नागिरीतील प्रत्येक प्रौढ पुरुष स्वयंसिद्ध तज्ज्ञ असतो. "वहिनी, डांबर गुडघ्यांना वाईट," असे एक म्हणतात, "आता कळणार नाही, साठीला कळेल," असे दुसरे पुस्ती जोडतात, आणि जन्मभर कोर्टकचेऱ्यांत घासून धारदार झालेल्या कोकणी बुद्धीचे तिसरे एक गृहस्थ शांतपणे मूळ मुद्द्याला हात घालतात : "पण एवढं धावून शेवटी घरीच यायचं ना?"

या प्रश्नाला उत्तर नाही. शेवटी घरीच यायचे असते, आणि निघायचेही घरातूनच असते; धावणाऱ्या आईची खरी चढण या दोन टोकांना आहे, रस्त्यावर नाही. पहाटेच्या पाऊण तासाची तजवीज आदल्या संध्याकाळपासून करावी लागते. भाजी चिरून, कणीक तिंबून, गणवेशाला इस्त्री करून, वह्यांवर सह्या करून आणि पाण्याचा पंप कोणी केव्हा चालू करावा याची लेखी ताकीद फ्रीजवर डकवून मग निजावे, तेव्हा कोठे घराची चौकट ओलांडण्याचा नैतिक अधिकार प्राप्त होतो. आमच्या घरी परवानगीची अडचण कधीच नव्हती. "जा की, मी कुठे नको म्हणतोय?" असे आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी उदार मनाने सांगून टाकले. ही परवानगी संपूर्णतः बिनशर्त होती. म्हणजे तिच्याबरोबर कसलीही तजवीज आली नाही. भाट्याच्या पुलावर, जेथे काजळी नदी समुद्राला मिळते आणि कवींना काही ना काही सुचते असे म्हणतात, तेथे मला नेमका घरून दूरध्वनी येतो, आणि कुकरच्या शिट्ट्या तीन करायच्या की चार, या प्रश्नाचा निकाल मी धापा टाकीत तेथल्या तेथे देते. दाखल्यासाठी म्हणून एकदा मी तो निकाल दिलाच नाही. त्या दिवशी शिट्ट्यांविषयी कोणतेही अनुमान न काढता घराने गॅसच पेटविला नव्हता.

लोकांना काहीतरी सबब द्यावी, म्हणजे कटकट मिटेल, असे मानून मी कारणांचा पुरवठा सुरू केला. प्रकृतीसाठी धावते, असे सांगून पाहिले. त्यावर "तुझी प्रकृती बरी राहिली पाहिजेच, घर तुझ्यावर आहे," असा एकमुखी ठराव पास झाला. माहेरी मधुमेह आहे, असे सांगितले, त्यावर "खरंच आहे, तू अंथरुणाला खिळलीस तर मुलांचं कोण करणार?" अशी सहानुभूती मिळाली. कचेरीत दिवसभर बसून काम असते, असे सांगितले तेव्हा साहेबांनी संतोष व्यक्त केला, कारण तरतरीत कारकुनाच्या मेजावर दप्तर तुंबत नाही. यावरून माझ्या ध्यानात आले, की माझ्या धावण्याला समाजाची हरकत नाही. मात्र त्या धावण्याचे उत्पन्न अन्य कोणाच्या तरी खाती जमा झाले पाहिजे. सुस्थितीत ठेवलेल्या सरकारी जीपप्रमाणे मी धावते ती पुढच्या फेरीसाठी, एवढी खात्री पटली की सर्वांचे समाधान होते.

अखेर कारकुनी स्वभावाला अनुसरून मी आकड्यांचा आश्रय घेतला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशातील माणसे आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. तीत असे आढळले, की घरकाम करणारी स्त्री त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करते, आणि घरकामाला हात लावणारा पुरुष, म्हणजे मुळात जो विरळा, तो ९७ मिनिटे. इकडे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी, की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचे शारीरिक श्रम करावेत. संघटनेने सबंध आठवड्यासाठी जो वरचा आकडा सुचविला, त्याच्या उंबरठ्यापर्यंत भारतीय गृहिणी एका दिवसात येऊन पोचते. कमी पडते ते अवघे एक मिनिट. "ही एका मिनिटाची तूट भरून काढण्यासाठी मी पहाटे धावते," असा खुलासा मी थिबा पॉइंटच्या मंडळापुढे सादर केला. मंडळाने तो दप्तरी दाखल केला आणि "तरी पण गुडघे जपा" असा शेरा मारला.

या कामी माझ्या मनगटावर बांधलेल्या घड्याळाचेही साह्य होईना. हे घड्याळ पावले मोजते, नाडी पाहते, निजही तपासते. परंतु त्याला संसाराचे ज्ञान नाही. मोदकांच्या सारणासाठी नारळ खवीत असताना हाताच्या हालचालींवरून हे बिचारे मी कोठेतरी वेगाने चालले आहे असे समजते आणि मोदक वळून होण्यापूर्वीच दिवसाचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याबद्दल माझे अभिनंदन करून मोकळे होते. तेच घड्याळ कचेरीत, लेखापरीक्षकांच्या पथकासमोर, बराच वेळ बसून आहात, आता उठून थोडे चाला, असा हितोपदेश करते. त्या प्रसंगी उठून चालू लागण्याइतकी माझी सेवाज्येष्ठता झालेली नाही.

आता रस्त्यांविषयी. रत्नागिरीत सपाटी ही वस्तू परमेश्वराने फक्त समुद्राला दिली आहे. बाकीचे शहर जांभ्या दगडाच्या सड्यांवर आणि त्या सड्यांच्या उतरणींवर वसलेले असून, येथे ज्याला खाली जायचे त्याला तितकेच वर यावे लागते. हवा अशी दमट, की पौषातले चार दिवस वगळता धावून आलेली स्त्री आणि विहिरीतून काढलेली स्त्री यांत भेद करणे कठीण. आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. आषाढात भिजलेले बूट पोटात वर्तमानपत्राचे बोळे भरून फ्रीजच्या मागे उबेला ठेवले, तरी ते श्रावणाच्या आत वाळतीलच अशी हमी देता येत नाही.

परंतु चढ-उतार आणि पाऊस यांपेक्षा मोठी अडचण आहे ती हद्दीची. ही नगरीच मुळी माणसाने फार लांब जाऊ नये म्हणून इंग्रजांनी पसंत केलेली. ब्रह्मदेशचा राजा थिबा याचे राज्य १८८५ साली खालसा करून त्यांनी त्याला येथे आणून ठेवले. त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास टेकाडावर राजवाडा बांधून दिला, आणि १९१६ साली तो येथेच वारला. पुढे १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे सावरकरांना याच जिल्ह्याची हद्द घालून दिलेली होती. त्या थोरांच्या स्थानबद्धतेशी माझी तुलना नाही. पण थिबाच्या राजवाड्यावरून धावताना माझ्या मनात येऊन जाते, की त्याच्या हद्दीचा निदान नकाशा असेल. माझी हद्द दुधाची पिशवी फाटकावर अडकविली जाण्याची वेळ आणि धाकट्याची "आई" अशी पहिली हाक यांच्या दरम्यान कोठेतरी असते, आणि ती दररोज बदलते.

अशा स्थितीत मला अनपेक्षित दिशेने साह्य मिळाले, ते भाट्याच्या किनाऱ्याकडून. सुरूच्या बनापलीकडची ती लांबलचक पुळण ओहोटीला इतकी घट्ट आणि गुळगुळीत होते, की मंडळाचे गुडघ्यांविषयीचे सर्व आक्षेप तेथे आपोआप निकालात निघतात. भरतीला मात्र मऊ रेतीत घोट्यापर्यंत रुतत जावे लागते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, कचेरी मात्र रोज त्याच वेळेला उघडते. तेव्हा घट्ट वाळू आणि मोकळा वेळ यांचा योग साधायचा तर पंचांगच उघडावे लागते. कोकणातल्या दर्यावर्दींचा साधा हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ मिळते : अष्टमीला सुमारे सहाची भरती, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास उधाणाची. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या पहाटे सहाच्या आसपास पाणी सर्वांत दूर, आणि वाळू सर्वांत रुंद.

मी भिंतीवरचे कालनिर्णय काढून बोटे मोजीत बसते, हे सासूबाईंनी दोन-तीन पंधरवडे पाहिले. सून अमावास्या-पौर्णिमा अचूक लक्षात ठेवते, त्या दिवशी सूर्योदयापूर्वी उठून समुद्राकडे जाते, आणि परत येते तेव्हा पायाला वाळू व केसांना ओल असते, एवढ्या पुराव्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, त्याचे खंडन करण्याचा करंटेपणा मी केला नाही. शेजारणींच्या चौकशीला त्या आता परस्पर उत्तर देतात : "पर्वणी सोडत नाही हो आमची." ज्या धावण्याला प्रकृती, मधुमेह आणि राष्ट्रीय सांख्यिकी यांपैकी कोणीही तारू शकले नाही, त्याला धर्माने एका रात्रीत संरक्षण दिले. अष्टमीला मात्र मी गेले की त्या गोंधळतात. पण अष्टमी देवीची, आणि रत्नदुर्गावर भगवतीचे मंदिर आहेच.

पुरुषांच्या पायपिटीला या जिल्ह्यात मोठी परंपरा आहे. दापोली तालुक्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी कुंभार्लीच्या घाटाने साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल चार दिवसांत पायी गेले, आणि वय लहान दिसते या कारणास्तव परीक्षेला बसू न देता त्यांना माघारी पाठविण्यात आले. याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष पुस्तके बाजूस ठेवून शरीर कमावण्यात घालविले, हे आम्हांला शाळेपासून आदराने सांगण्यात आले आहे. तो आदर माझ्याही ठायी आहे. केवळ जिज्ञासा म्हणून विचारते, की एखाद्या कारकून स्त्रीने तब्येत सुधारण्यासाठी एक वर्षाची बिनपगारी रजा मागितली, तर तिच्या अर्जावर काय शेरा येईल? कर्व्यांना मात्र मी या तक्रारीतून वगळते : ज्यांनी स्त्रियांसाठी १९१६ साली विद्यापीठ काढले आणि जे स्वतः शंभरी ओलांडून १०४ वर्षे जगले, त्यांच्याविरुद्ध स्त्री आणि व्यायाम या दोन्ही पक्षांकडून दावा चालणार नाही.

परदेशी सबबीचा कायदा सैल असावा, अशी माझी समजूत होती. ती टिकली नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फॅनी ब्लँकर्स-कोएन या तिशीतल्या डच गृहिणीने, दोन मुलांच्या आईने, धावण्याची चार सुवर्णपदके जिंकली. जाण्यापूर्वी तिने घरी राहून मुले सांभाळावीत असा सल्ला तिला मिळत होता. जिंकून आल्यावर पांढऱ्या घोड्यांच्या गाडीतून तिची मिरवणूक निघाली आणि तिला एक सायकल भेट मिळाली, म्हणजे यापुढे इतके धावायला नको! अलीकडची जास्मिन पॅरिस तर जनावरांची डॉक्टर. २०१९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या पेनाइन डोंगररांगेतील २६८ मैलांची शर्यत तिने ८३ तासांत पार केली, सर्व पुरुषांना मागे टाकले, आधीचा विक्रम बारा तासांनी मोडला, आणि मुक्कामाच्या ठिकाणी पुरुष सूप पिऊन पाय चोळीत बसले असता ती चौदा महिन्यांच्या लेकीसाठी दूध काढून ठेवीत होती. हे वाचून ह्यांनी "कमाल आहे!" असे उद्गार काढले आणि तेवढ्याच सहजतेने माझ्याकडे चहा मागितला.

आणि आपल्याकडे बारामतीच्या लता करे आहेत. साठी उलटलेली ही माउली नऊवारी नेसून, अनवाणी, नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे मिळावेत म्हणून मॅरेथॉनमध्ये धावली आणि जिंकली. पुढे तिच्या आयुष्यावरील चित्रपटात तिची भूमिका तिनेच केली. त्या धावण्यापुढे माझी लेखणी नमते. ओढणी घेऊन धावावे की ओढणीविना, या विषयावर आमच्या आळीत झालेला दीर्घ परिसंवादही तिच्या नऊवारीपुढे क्षुल्लक ठरतो. परंतु एक गोष्ट नमूद केली पाहिजे : समाजाने तिला डोक्यावर घेतले, कारण तिच्या सबबीत कोणालाही खोट काढता येण्यासारखी नव्हती. नवरा आजारी नसता आणि तिला नुसतेच धावावेसे वाटले असते, तर टाळ्या किती पडल्या असत्या, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

रत्नागिरीपुरती परिस्थिती २०२४ च्या जानेवारीपासून पुष्कळ सुधारली, हे मान्य केले पाहिजे. त्या वर्षी येथे कोकण कोस्टल मॅरेथॉन सुरू झाली, एकवीस किलोमीटरपर्यंतच्या शर्यती लागल्या, आणि एका दिवसापुरते सबंध शहर रस्त्याच्या कडेला येऊन टाळ्या वाजवू लागले. छातीवर छापील क्रमांक लावलेल्या माणसाला कोणीही "गाडी चुकली काय?" असे विचारीत नाही, क्रमांक पडला म्हणजे प्रकरण नोंदणीकृत झाले, आणि नोंदणीकृत गोष्टीवर आमचा पिढीजात विश्वास आहे. "गुडघे!" असे ओरडण्याची उबळ आवरून धरीत मंडळातील तिसरे गृहस्थ त्या दिवशी पाण्याचा पेला पुढे करतात. मात्र दुसऱ्या दिवशी क्रमांक उतरला, की मी पुन्हा विनापरवाना.

तेव्हा सबबी देणे मी सोडून दिले असून, महसूल खात्यातील अनुभवाच्या जोरावर वेगळाच मार्ग पत्करला आहे. शेतकऱ्याला दुसऱ्याच्या जमिनीतून जायचे असते तेव्हा तो का जातो हे कायदा फारसा विचारीत नाही; तो किती दिवस जातो, हे विचारतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे उघडपणे, शांततेने, हक्काने आणि खंड न पडता वीस वर्षे वहिवाट केली, की वाटेचा हक्क कायम होतो. सरकारी जमीन असेल तर तीस वर्षे लागतात. वाट अडविली गेल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. पहाटे पाच ते सहा ही माझ्या दिवसातली एक पाणंद आहे, आणि तिच्यावर मी वहिवाट सुरू केली आहे. घरातल्या बाईचा वेळ ही खाजगी मिळकत की सरकारी, याविषयी कुटुंबात मतभेद असल्यामुळे मी तीस वर्षांचा हिशेब धरून चालले आहे. तोपर्यंत गुडघ्यांचा निकाल लागलेलाच असेल.

मिळकतीला किंमत येऊ लागली की वारस आणि हिस्सेदार दिसू लागतात, हा महसुली नियम येथेही लागू पडला. थोरल्या मुलीने बूट मागितले. तिची वारसनोंद मी आनंदाने मंजूर केली, आणि पौर्णिमेला ती माझ्या पुढे धावते. त्यानंतर एका रात्री, फ्रीजवरची ताकीद दोनदा वाचून, आमच्या ह्यांनीही दरखास्त पुढे ठेवली : पोट सुटत चालले आहे, साहेबांनीही टोकले आहे, तेव्हा पहाटे पाच ते सहा आपणही बाहेर पडावे म्हणतो. त्या तासात घरी कोण असणार, हा प्रश्न आमच्या घराच्या इतिहासात प्रथमच ह्यांच्या तोंडून उपस्थित झाला, आणि तो त्यांनी माझ्याकडेच पाहत उपस्थित केला. सासूबाईंनी पर्वणी एकट्याने साधायची असते असे तात्काळ सांगितले. मी अर्ज नीट वाचला, सर्व बाजूंचा विचार केला आणि पुढीलप्रमाणे शेरा मारला : "पहाटेच्या वेळेवर पूर्वीची वहिवाट असल्याने सदर विनंती मान्य करता येत नाही. अर्जदाराने सायंकाळी सहा ते सात या वेळेची, स्वयंपाकघर व अभ्यासाची खोली यांसह, समक्ष स्थळपाहणी करावी आणि ती मोकळी आढळल्यास तसे लेखी कळवावे."